कॅमेऱ्याच्या पाठीमागची दोरी

१

कॅमेरा ब्रेकच्या पेडलखाली सापडला. दोन काडेपेट्या एकावर एक ठेवल्या तर होईल एवढा. वळणाआधी मोहननं ब्रेक दाबला, पेडल खाली जाईना, आणि मिलर्स हिलच्या ट्रॅकवर त्याची लाल हॅचबॅक सरळ जाऊन टायरांच्या भिंतीत घुसली. मनगट मोडलं, कॉलरबोन मोडलं. माणूस वाचला, हेच खूप.

हे झालं शनिवारी दुपारी. रविवारी जेवणं होईपर्यंत स्कोफिल्ड्स या आमच्या परदेशातल्या उपनगरात झाडून सगळ्या मराठी घरांनी निकाल लावून टाकला होता. चूक वरुणची. कॅमेरा त्यानं बसवला होता ना? मग झालं तर.

मी चारुता. एका विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासते. त्यामुळे बारशाला जा, गणपतीला जा, कोणीतरी हात धरून मला पार्किंगमध्ये नेतंच. "जरा बंपर बघतेस का गं?" वैताग आहे नुसता. म्हणून रविवारी वरुण दारात दिसला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "आज सुट्टी आहे माझी."

"ताई, बुधवारी क्लबची कमिटी बसतेय. मला कायमचं काढून टाकणारेत."

मी दार उघडलं. काय करणार?

वरुण विद्यार्थी असताना माझ्या हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत राहायचा. युनि अर्धवट सोडली, बरेच धक्के खाल्ले, आणि आता ट्रॅकवर जाणाऱ्यांच्या गाड्यांत कॅमेरे बसवतो. आठवडाभर लॅपटॉपसमोर बसलेले आपले लोक शनिवारी स्वतःच्या गाड्या घेऊन बंद ट्रॅकवर जातात, जीव खाऊन पळवतात, आणि घरी येऊन स्वतःचाच व्हिडिओ बघत बसतात. ब्रेक उशिरा मारला का, वळण चुकलं का. मला त्यात काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण वरुणचं पोट त्यावर आहे. एका क्लबनं हाकललं की दुसरा दारात उभं करणार नाही.

"काय बसवलं होतंस ते नीट सांग," मी म्हटलं. "इंग्रजी कमी, माणसासारखं."

त्यानं सांगितलं. सीटांच्या मागे गाडीच्या रुंदीभर एक लोखंडी बार असतो, दोन्ही टोकांना खाली वळलेला. बारला क्लॅम्प, क्लॅम्पला प्लास्टिकचा आर्म, आर्मच्या टोकाला कॅमेरा. आर्म कधीतरी मोडतोच, ऊन असतं, हादरे असतात. म्हणून एक आखूड दोरी लावायची, तिला टेदर म्हणतात. तिचं एक टोक बारला, दुसरं कॅमेऱ्याला. आर्म मोडला तर कॅमेरा तिथेच लोंबकळत राहतो. टेदर नसेल तर तो कॅमेरा नाही, फेकलेला दगड आहे.

"म्हणजे आर्म मोडला तो आपला आपण. प्रश्न टेदरचा."

"हो. आणि हे बघ, कमिटीनं पाठवलंय."

फोनवर फोटो होता. बारच्या अगदी खालच्या टोकाला, ड्रायव्हरच्या बाजूला, काळी दोरी बांधलेली. पेडलजवळ पडलेल्या कॅमेऱ्याला तशाच काळ्या दोरीचा बोटभर तुकडा. दोन्ही एकाच रिळातल्या. मधे काहीच नाही. कमिटी म्हणत होती, या दोन दोऱ्या एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. बसवणाऱ्याचा हलगर्जीपणा.

"ताई, बारवरची ही दोरी मी बांधलेली नाही."

"दोरी तुझी नाही?"

"दोरी माझीच आहे. गाठ माझी नाही. आणि मी मधोमध बांधतो, असं कोपऱ्यात नाही."

"मग बांधली कोणी?"

"मला काय माहीत!"

मी कपाळावर हात मारून घेतला. हे वाक्य घेऊन कमिटीपुढे गेला असता तर त्याला बुधवारपर्यंतही ठेवलं नसतं.

२

क्लबच्या कमिटीवर आपला एकच माणूस आहे. गुरुदत्त. ट्रॅकवर त्याला गॅरी म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. त्याचं गॅरेज माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे. ट्रॅकवर गाड्या सोडणाऱ्या मार्शलचं नारिंगी जाकीट हँगरला, तेही इस्त्री केलेलं.

"चारू, लुक, आय फील फॉर द किड. बट सेफ्टी इज सेफ्टी."

"मराठीत बोल. तुझ्या आईच्या हातची थालीपीठं खाल्लीत मी."

तो कसनुसा हसला. "अगं, प्रत्येकाच्या कॅमेऱ्याला स्टीलची वायर असते. प्रत्येकाच्या! हा शहाणा दोरी लावतो. मला तर अपघात झाल्यावर कळलं की वायर नाही, दोरी होती म्हणून."

"वायर खडखडते. मोहनला इंजिनाचा आवाज स्वच्छ हवा होता, म्हणून दोरी लावली. आणि नियमात दोरी चालते."

"चालते. बांधली तर."

"फोटो कोणी काढला?"

"मी. गाडी ओढून आणल्या आणल्या."

"सकाळी तर कॅमेरा जागेवर होता. दुपारी जेवायच्या सुट्टीत कुठे होतास?"

"टॉवरमध्ये. सँडविच खाल्लं तिथेच. आपल्या लोकांच्या तंबूकडे फिरकलोसुद्धा नाही." त्यानं एक पाना पुसून पुन्हा जागेवर ठेवला. तो आधीच पुसलेला होता. "तुला म्हणून सांगतो. मी यांना आणलं क्लबमध्ये. मी शब्द टाकला. आणि हे काय करतात? चटया पसरतात, डबे उघडतात, आख्खं खानदान घेऊन येतात. ते गोरे लोक बघत असतात गं. मला वर्षानुवर्षं लागली तिथे मेट, त्यांच्यातला एक, व्हायला."

"वरुणचं काय?"

"एक माणूस गेला तर बाकीचे राहतील. मी आपल्या सगळ्यांचाच विचार करतोय."

आपल्या सगळ्यांचा विचार करणाऱ्या माणसांचा मला फार जुना कंटाळा आहे. मी तिथून थेट क्लबच्या अध्यक्षाकडे गेले.

वेन म्हातारा आहे, बोलायला कमी, आणि गाड्यांची तपासणी स्वतः करतो. त्याच्या शेडबाहेर त्याची जुनी युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, उभी होती. डॅशबोर्डवर पारदर्शक टेपखाली एक चिमुकला गुलाबी मोजा चिकटवलेला, उन्हानं पार विटलेला. मी काही विचारलं नाही. लोकांच्या गाड्यांत काय काय निघतं हे विचारत बसले तर माझं एक काम पुरं व्हायचं नाही.

"शनिवारी सकाळी मोहनचा कॅमेरा तूच पास केलास?"

"येस, लव्ह. दोरी मी स्वतः ओढून बघितली. बारच्या मधोमध होती. माझ्या वजनाला सुटली नसती."

"मग हे कमिटीला सांग ना!"

"सांगितलं. गॅरी म्हणतो, पोरानं दुपारी सोडली असेल आणि परत बांधताना विसरला असेल. फोटो बघितला तर तसंच दिसतं." त्यानं खांदे उडवले. "पोरं विसरतात."

म्हणजे सकाळी दोरी मधोमध होती. अपघातानंतर दोरी कोपऱ्यात. मधल्या वेळात एक दोरी गेली होती आणि दुसरी आली होती.

३

"आली का त्याची वकील!" दार उघडताना दीप्ती म्हणाली. दीप्ती मोहनची बायको. तिच्यामागे सोफ्यावर मोहन गोळ्या घेऊन झोपला होता, हात गळ्यात. वरुणनं दोनदा येऊन माफी मागायचा प्रयत्न केला होता, दोन्हीदा तिनं दार लावून घेतलं होतं.

"मला फक्त गाडी बघायची आहे."

"बघ. मी तर गॅरेजकडे बघतही नाही. आईंनी तर त्या दिवसापासून तिकडे पाऊल टाकलेलं नाही." आई म्हणजे मोहनची आई, रेखाकाकू. पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आल्यात.

"शुक्रवारी तू म्हणाली होतीस म्हणे, एक दिवस तो कॅमेराबिमेरा सगळं कापून फेकून देईन."

"हो म्हणाले होते!" ती भडकलीच. "प्रत्येक शुक्रवारी म्हणते. दोन पोरं आहेत, घराचा हप्ता आहे, आणि हा माणूस शनिवारी हेल्मेट घालून मरायला जातो. तू म्हणाली नसतीस?"

म्हणाले असते. याहून वाईट म्हणाले असते.

गॅरेजमध्ये गाडीचं तोंड चेपलेलं होतं. कॅमेरा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवला होता. मी आधी मोडलेला आर्म बघितला. प्लास्टिकला आतून जुनी चीर, उन्हानं आलेली, नुसत्या डोळ्याला दिसणार नाही अशी. ती कोणाच्या हातची नव्हती.

मग कॅमेऱ्याला लटकलेला दोरीचा बोटभर तुकडा उचलला आणि तशीच उभी राहिले.

वरुणची एक सवय मला चांगली माहीत आहे, कारण तिनं माझ्या हॅरिस पार्कच्या जेवायच्या टेबलावर एक काळा डाग पाडलाय. नायलॉनची दोरी कापली की तो लायटरनं तिचं टोक जाळतो, म्हणजे धागे सुटत नाहीत. बुटाच्या नाडीचंसुद्धा जाळतो. कॅमेऱ्याकडच्या गाठीतून बाहेर आलेलं टोक तसंच होतं, जळून गोळी झालेलं. पण दुसरं टोक, बारकडे जाणारं, उघडं होतं. धागे पिंजारलेले. सरळ, स्वच्छ काप.

दोरी जोडायची राहिली नव्हती. जोडलेली दोरी कोणीतरी कापली होती.

मी हॅच, म्हणजे गाडीचं मागचं दार, उघडली आणि मागून आत वाकले. बारच्या मधोमध काहीच नव्हतं. खाली ड्रायव्हरच्या बाजूला, सीटच्या आड, फोटोतली ती दुसरी दोरी. तिच्या दोन्ही टोकांना लायटर लागलेला नव्हता. कात्रीनं वेडीवाकडी कापलेली. आणि गाठी कितीतरी, एकीवर एक. गाठ किती घट्ट आहे बघायला मी बोटानं चाचपली.

बोट बाहेर काढलं तर ते लाल होतं.

४

रक्त नव्हतं. मी रोज ठोकलेल्या गाड्यांत हात घालते, वाळलेलं रक्त मला कळतं. हे कुंकू होतं.

रेखाकाकू किचनमध्ये चिवड्याला फोडणी देत होत्या. मी बोट त्यांच्यापुढे धरलं.

"काकू, हे काय?"

त्यांनी गॅस बंद केला आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. "काही उपयोग झाला नाही गं त्याचा. उलट त्याच दिवशी झालं."

"कशाचा?"

"दृष्टीचा दोरा! एवढी लाल गाडी, सगळ्यांसमोर पळवतो. लोक बघतात, फोटो काढतात. मी म्हटलं, काळा दोरा तरी बांधू. घरात काळा दोरा मिळेना. शुक्रवारी तो वरुण इथेच गॅरेजमध्ये काम करत होता, त्याच्या डब्यात रीळ होतं. घेतला हातभर कापून. त्याला काय सांगायचं?"

"अहो, मग हे कोणाला बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं?"

खरंच की. कोणीच विचारलं नव्हतं. आख्खं स्कोफिल्ड्स निकाल लावण्यात गुंतलं होतं.

शनिवारी जेवायच्या सुट्टीत काकूंनी दोरा बांधला. मोहन गाडीतच बसला होता. दीप्तीनं टोक धरलं होतं. मोहन म्हणाला, आई, वर नको, व्हिडिओत येईल, खाली कोपऱ्यात बांध. म्हणून तो खाली. वरुण तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या गाडीत डोकं घालून काम करत होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

म्हणजे फोटोतली दोरी काकूंची. वरुणची दोरी मधोमध होती, ती कापली गेली, आणि काकूंच्या दोरीच्या जिवावर वरुणला दोषी ठरवलं गेलं.

"दीप्ती, कॅमेऱ्यातलं कार्ड कुठेय?"

"आतच असेल. मला ते बघवणार नाही."

"तू बघू नकोस. मी बघते."

कॅमेऱ्याला पुढचं सगळं दिसतं, पण स्वतःच्या पाठीमागचं दिसत नाही. तरी मी आशेनं लॅपटॉप उघडला. दुपारची फेरी. गाडी रांगेत उभी, इंजिन चालू. काचेतून पुढच्या गाडीची मागची बाजू दिसतेय. वर मधला आरसा, आणि आरशाच्या एका कोपऱ्यात मागच्या काचेचा तुकडा.

मागून खट्ट आवाज आला. आरशातला काचेचा तुकडा वर सरकला. कोणीतरी हॅच उघडली होती. कोपऱ्यातून काहीतरी नारिंगी गेलं. मग धप्प. हॅच बंद. कोणी छतावर थाप मारली, आणि गाडी सुटली.

"हे ऐकलं होतं मी," सोफ्यावरून मोहनचा झोपाळलेला आवाज आला. "मला वाटलं दार नीट लागलंय का बघतायत. रांगेत मार्शल लोक आपटतातच दारं."

मी मागे वळून बघितलं. दीप्ती माझ्या खुर्चीमागे उभी होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चारुता," ती म्हणाली, "शनिवारी मीही नारिंगी जाकीट घातलं होतं."

५

मंगळवारी संध्याकाळी मी सगळ्यांना मोहनच्या गॅरेजमध्ये बोलावलं. गुरुदत्त यायला तयार नव्हता. म्हटलं, येत नसशील तर मी वेनला घेऊन तुझ्याकडे येते. आला.

दीप्तीनं वरुणला आत घेतलं, पण बोलली नाही. मोहन खुर्चीत. काकू चिवड्याचा डबा आणि वाट्या घेऊन, कारण चार माणसं जमली आणि काकूंनी काही दिलं नाही असं होत नाही.

मी आधी व्हिडिओ दाखवला. मग दोऱ्या दाखवल्या. गुरुदत्तनं दीप्तीकडे एक नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "नारिंगी. आय डोन्ट वॉन्ट टू से एनिथिंग, पण धमकी कोणी दिली होती हे सगळ्यांनाच..."

"गुरू, गप्प बस," मोहन म्हणाला.

"नाही, बोलू दे त्याला," मी म्हटलं. "समजा दीप्तीनं केलं. कशासाठी? मोहनला घाबरवायला? मग ती कॅमेराच काढून टाकेल, वायपर वाकवेल, टायरमधली हवा सोडेल. नुसती टेदर कापून काय होतं? काहीच होत नाही! कॅमेरा क्लॅम्पवर घट्ट बसलेला आहे. आर्मला आतून चीर पडलीय हे कोणाच्या बापाला माहीत नव्हतं. ज्याला घात करायचा आहे तो टेदर कापणार नाही. म्हणजे कापणाऱ्याला घात करायचाच नव्हता."

"मग कापली कशाला?" वरुणनं विचारलं.

"त्याला टेदर कापायचीच नव्हती. त्याला दुसरी दोरी कापायची होती. काकूंची."

काकूंच्या हातातली वाटी थांबली.

"बारवर दोन काळ्या दोऱ्या होत्या, एकाच रिळातल्या. एक मधोमध, लगेच दिसेल अशी. एक खाली सीटच्या आड. कोणीतरी घाईत हॅच उघडून दृष्टीचा दोरा काढायला वाकला, त्याला मधली दोरी दिसली, ती दोन्हीकडून कापून गाठीसकट ओढून घेतली. काम झालं असं समजून थाप मारून मोकळा झाला. आता सांगा, ही चूक कोण करेल? काकूंनी दोरा स्वतः बांधला. दीप्तीनं टोक धरलं. मोहननं जागा सांगितली. तिघांनाही माहीत होतं तो खाली आहे. वरुणला स्वतःची टेदर कळते, आणि दोऱ्याचं तर माहीतच नव्हतं. चुकेल तो, ज्यानं दोरा बघितला नाही, नुसता ऐकला. आणि ज्याला वाटत होतं की कॅमेऱ्याला स्टीलची वायर आहे, म्हणून काळं जे काही दिसेल ते काकूंचंच."

"मार्शल पाच होते," गुरुदत्त म्हणाला. "एनी वन ऑफ देम..."

"काकू, दोरा बांधल्यावर तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? मला इंग्रजी कुठे येतं." काकू एकेकाला वाटी देत होत्या. गुरुदत्तपाशी आल्या. त्यानं तळहात वर केला, नको म्हणून.

"नको काय?" काकू म्हणाल्या. "शनिवारी तर तंबूत उभ्या उभ्या दोनदा घेतलास! तेव्हाच तर तुला सांगितलं की दोरा बांधलाय म्हणून. म्हटलं, तू एवढा मोठा माणूस तिथला, लक्ष ठेव माझ्या पोरावर."

टॉवरमधलं सँडविच, तंबूकडे फिरकलोसुद्धा नाही, सगळं त्या एका वाटीत पडलं.

गुरुदत्तनं वाटी घेतली. का घेतली देव जाणे. हातात धरून बसला.

"ते हसले असते," तो शेवटी म्हणाला. "मला विचारलं असतं, गॅरी, व्हॉट्स दिस? काय सांगणार होतो मी? गाड्यांना नंबर चिकटवायची पट्टी कापायचं कटर कमरेच्या पट्ट्यालाच होतं. एका सेकंदाचं काम. मला खरंच वाटलं की... मोहन, आय स्वेअर..."

"मी मेलो असतो गुरू," मोहन म्हणाला. ओरडला नाही. साधंच म्हणाला, आणि ते ऐकायला जास्त वाईट होतं.

"चूक झाली, ती मला समजते," मी म्हटलं. "पण गाडी ओढून आणल्यावर तू आत वाकलास. काकूंचा दोरा तसाच आहे हे बघितलंस. आपण काय कापलं ते तेव्हाच कळलं तुला. आणि मग फोन काढून त्याच दोऱ्याचा फोटो काढलास. वरुणच्या विरुद्ध. ती चूक नाही, गुरुदत्त."

तो वाटीकडे बघत राहिला. "आपल्यातच ठेवू ना चारू. मी वरुणचं नाव पुढच्या सीझनला परत घालतो, शब्द देतो. बाहेर कळलं तर आपल्या सगळ्यांचीच..."

"सगळ्यांची? वरुणची अब्रू जात होती तेव्हा ती सगळ्यांची नव्हती?"

वरुण इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "ताई, मला याची माफी नको. मला फक्त उद्या ट्रॅकवर उभं राहता आलं पाहिजे."

"राहशील. उद्या हा स्वतः सांगेल. काय कापलं तेवढंच नाही. का कापलं तेही."

"का कापलं ते कशाला?" गुरुदत्तचा आवाज एकदम चढला. "कटर चुकून लागलं म्हणतो ना मी!"

"म्हणजे पुन्हा खोटं. नाही. का ते सांगायचं. नाहीतर मी सांगते, आणि माझी सांगायची पद्धत तुला माहितीये."

६

बुधवारी कमिटीच्या खोलीत मी मागच्या खुर्चीवर बसले. वरुण माझ्या शेजारी, गुडघा सारखा हलवत. गुरुदत्त उभा राहिला आणि त्याच्या त्या इस्त्रीच्या इंग्रजीत त्यानं सगळं सांगितलं. दोरी, कटर, फोटो. मग थांबला.

"पण त्या बाईंचा दोरा कापायचा होता कशाला?" वेननं विचारलं. "काय होतं ते?"

दोरा कापायला गेला होता तो नेमका हा प्रश्न येऊ नये म्हणून. आता सगळी कमिटी वाट बघत होती.

"ते... आमच्यात आई बांधते. मुलाला कोणाची वाईट नजर लागू नये म्हणून. काळा दोरा. मला वाटलं तुम्ही लोक हसाल."

कोणी हसलं नाही. एकानं खोकून घसा साफ केला. वेन खिडकीबाहेर, स्वतःच्या युटकडे बघत होता.

"माझी पोरगी झाली त्या आठवड्यात मी रेसला गेलो होतो," तो म्हणाला. "बायकोनं तिचा मोजा डॅशला चिकटवला. त्यानंतर गाडी कुठलीही असो, मोज्याशिवाय एक लॅप मारलेला नाही. पोरगी आता आजी व्हायला आलीय. अरे, नुसतं विचारायचंस ना, मेट."

गुरुदत्त खाली बसला. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं या माणसानं त्या युटशेजारी गाडी लावली, आणि एकदाही आत डोकावून बघितलं नाही. मीही बघून विचारलं नव्हतं, पण मी निदान कोणाचा मोजा कापला नव्हता.

वरुणचं नाव तिथल्या तिथे मोकळं झालं. गुरुदत्त कमिटीवरून गेला, मार्शलचं जाकीट जमा करून. तो मला आता गणपतीत ओळख देत नाही. चांगलंच आहे, एक बंपर बघायचा कमी झाला.

मोहनचं प्लास्टर निघालं, गाडी दुरुस्त झाली, आणि काकू पुण्याला परतायच्या आदल्या शनिवारी तो माणूस पुन्हा हेल्मेट घालून निघाला. दीप्तीनं शुक्रवारी पुन्हा तेच म्हटलं. मला सोबतीला नेलं, सुट्टीच्या दिवशी, उन्हात, माशा मारत उभं राहायला.

वरुण आता पिवळी दोरी वापरतो. काकूंनी त्याचं रीळ उलटंपालटं करून बघितलं. "पिवळ्यानं दृष्ट निघत नाही," म्हणाल्या, आणि पिशवीतून स्वतःचा काळा दोरा काढला. या वेळी सगळ्यांसमोर बांधला. कुंकवासकट.

वेन तपासणीला आला. आत वाकून त्यानं आधी पिवळी दोरी ओढून बघितली. मग काळी पण ओढून बघितली, तितक्याच जोरानं.

"पिवळी कॅमेऱ्याची, काळी आईची," तो म्हणाला. "दोन्ही घट्ट. जाऊ दे गाडी."